फ्रीजरमधला चातुर्मास

आमच्या साडूभाऊंना मोबाइलवर व्हिडिओ बघायचा नाद आहे आणि बघितलेलं करून बघायला त्यांना मी लागतो. २०२३ च्या जुलैत त्यांनी एका बाईचा व्हिडिओ बघितला. ती बाई रविवारी दिवसभर राबून महिन्याभराचं मटण शिजवती, पाकिटं करून फ्रीजरमध्ये ठेवती आणि मग महिनाभर नुसती हसती. साडूभाऊ रात्री साडेनवाला आमच्याकडं हजर. राहतात आमच्याच गल्लीत, दोन्ही घरांची लाईट एकाच डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर आहे. या डीपीचं पुढं काम पडणार आहे.

"सर, हिशेब बगा. दुकानात मटण सातशे रुपये किलो. बाजारात जितं बोकड चारशे रुपये किलो. किलोमागं तीनशे वाचायलेत!"

मी शाळेत गणित शिकवतो. चारशे हे सातशेपेक्षा कमी, एवढं मी झटक्यात ओळखलं आणि माझ्या वाटणीचे पाच हजार दोनशे काढून दिले.

शनिवारी आठवडी बाजारातून बोकड आलं. उस्मानाबादी जातीचं, कोळशासारखं काळं, कान खाली लोंबलेले. भरलं सव्वीस किलो. रविवारी, ९ जुलैला, खाटीक चाचांनी ते कापून, सोलून, तुकडे करून तराजूत घातलं तर साडेबारा किलो. साडूभाऊंनी तराजूच्या खाली वाकून बघितलं.

"चाचा, बाकीचं कुठं गेलं?"

"कातडं, आतडं, रगत, मुंडी, पाय," चाचा सुरी पुसत म्हणाले. "बोकड काय नुसतं मटणाचं असतंय का?"

जित्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास मटण पडतं, हे आमच्याकडं शेळ्यांमागं फिरणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. दुकानाच्या फळीवरच मी भागाकार केला. बोकडाचे १०,४०० आणि चाचांचे ५००, भागिले साडेबारा. दर बसला ८७२ रुपये किलो. मुंडी-पाय धरले तर जरा उतरला असता, पण ते साडूभाऊंनी "तुम्हाला साफ करायची कटकट नको" म्हणून आपल्या पिशवीत घातले होते.

घरी सव्वासहा किलोची पिशवी ओट्यावर ठेवली. बायकोनं आधी पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अहो, हे करणार कोण?"

"आपण," मी म्हणालो. मराठी व्याकरणातला हा फार सोयीचा शब्द आहे.

पण त्या दिवशी मी खरंच राबलो. तीन किलो कांदे चिरले. डोळ्यांतून इतकं पाणी गेलं की २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची गरज पडली नसती. खोबरं भाजलं, त्यात एक खेप करपवली. घरातला कुकर पाच लिटरचा, त्यामुळं मटण तीन खेपांत शिजलं. प्रत्येक खेपेला हळद, मीठ, आलं-लसूण, शिट्ट्या, मग कढईत वाटण आणि वर काळं तिखट. दुपारी चारला खिडकीचे गज तेलकट झाले होते. तिसऱ्या खेपेला बायको म्हणाली, "रश्श्यात बटाटे घालू नका, बर्फात ठेवले की त्यांचा भुसा होतो." मी घातले. पाच माणसांना एक पाकीट पुरायचं तर बटाट्यानं जोर धरायला पाहिजे, असा माझा हिशेब. ती म्हणाली, "डबे गळ्यापर्यंत भरू नका." मी भरले.

एक किलो त्याच दिवशी ताजं खाल्लं. उरलेल्याचे बारा नग झाले. चार खिमा, पाच सुकं, तीन डबे रस्सा. खिमा आणि सुकं पिशव्यांत भरून, हातानं थापून चपटं केलं म्हणजे लवकर गोठतं. प्रत्येकावर मार्करनं नाव-तारीख. सगळं पंख्याखाली गार करून फ्रीजरमध्ये रचलं आणि वर वाटीभर पाणी ठेवलं. त्याचा बर्फ झाल्यावर त्यावर पाच रुपयांचं नाणं. आपल्या मागं लाईट जाऊन सगळं वितळलं आणि परत गोठलं, तर नाणं वाटीच्या बुडाला गेलेलं सापडतं. या एका गोष्टीत साडूभाऊंचा व्हिडिओ खरंच शहाणा निघाला.

रात्री दीडला फ्रीजमधून टप्प असा आवाज आला. पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो, हे सातवीच्या पोरांना मी दरवर्षी सांगतो. रश्श्याच्या डब्याचं झाकण उडून आईस्क्रीमवर पडलं होतं आणि व्हॅनिलाला तर्री आली होती.

सकाळी आई स्वयंपाकघरात आली. आई आवडीनं खाणारी आहे, नळी तर तिचीच असते. पण तिचं खाणं पंचांगाच्या हातात. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार तुळजाभवानीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार आणि रविवार, त्यातही एकादशी-चतुर्थी आली की ते गेले. तिनं फ्रीजर उघडून नग मोजले आणि भिंतीवरचं कॅलेंडर खुंटीवरून काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"बापू, अमावस्या कवा हाय बघितलास का?"

बघितलं. सतराला. म्हणजे आखाडाचा एकच आठवडा हातात.

"बरं, श्रावणाचा एक महिना," मी म्हणालो. "महिनाभर टिकतंय."

"औंदा धोंड्याचा महिना हाय. श्रावण दोन हाईत."

त्या वर्षी अधिक महिना श्रावणात आला होता. १८ जुलैपासून १५ सप्टेंबरपर्यंत श्रावणच श्रावण. मी बोटांवर मोजायला लागलो. श्रावण सुटला की १९ ला गणपती, मग महालक्ष्म्या, मग पितरं, १५ ऑक्टोबरला घट, २४ ला दसरा. बोटं संपली.

बुधवारी, १२ तारखेला, एक डबा संपवला. बटाट्यांचा भुसा झाला होता. बायको काही बोलली नाही, नुसतं वाढत राहिली. रविवारी, १६ ला, मेहुणे आले. मी सुक्याची दोन पाकिटं काढायला गेलो तर ती दारातच आडवी. "माझ्या भावाला आखाडात फ्रीजमधलं घालणार?" चाचांकडून ताजं आणलं. आखाडाचा दर ७४० झाला होता.

मग आमचा फ्रीज वशट ठरला. त्यातलं आपल्याला चालत नाही म्हणून आई दोन महिने माठातलं पाणी आणि शिंक्यातलं ताक प्यायली. देवाचं दूध शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये, हारही तिथंच. धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीनं दोन्ही जावयांना बोलावलं. तुपात बुडवलेले पुरणाचे धोंडे आणि वाणात तेहतीस अनारसे. साडूभाऊंनी चौथा धोंडा खाता खाता माझ्या कानाला लागून विचारलं, "तुमच्यात किती हायेत अजून?" "अकरा," मी म्हणालो. "आमच्यात नऊ," ते म्हणाले आणि दोघांनी परत तूप मागितलं.

मधी एक फट होती. १७ सप्टेंबर, रविवार, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. श्रावण सुटलेला, गणपती दोन दिवसांवर. शाळेत झेंडावंदन करून, लाडू खाऊन मी तडक घरी आलो. बघतो तर घर धुऊन काढलेलं, ओट्यावर हळदी-कुंकवाची बोटं, आणि आई म्हणते, "उद्या हरतालिका. आज घरात वशट आणायचं नाही." १९४८ ला मराठवाडा निजामाच्या तावडीतून सुटला. आमचं बोकड काही सुटलं नाही.

नवरात्रातून सुटलो तरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशीच असते. मग गुरुवार, मग शुक्रवार, आणि शनिवारी, २८ ला, कोजागरी. त्यावर त्या साली चंद्रग्रहण. २९ ऑक्टोबरला रविवार उजाडला. बोकड कापल्याला मोजून ११२ दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत शिजलेल्या मटणाची चव फ्रीजरमध्येही उतरती हे मला माहीत होतं, पण आता चवीचा प्रश्नच राहिला नव्हता. मी पहाटे उठून फ्रीजर उघडला.

वाटीत बर्फ होता. नाणं बर्फाखाली, वाटीच्या बुडाला चिकटलेलं. राजमुद्रा वर.

दसऱ्याला आम्ही सगळे तीन दिवस गावी गेलो होतो. मी काकूंचं दार वाजवलं.

"सांगायचंच राहिलं बगा," काकू म्हणाल्या. "डीपी जळाली होती. दीड दिवस लाईट नव्हती. तुमच्या आईचं दूध नासलं म्हणून टाकून दिले मी."

परसात लिंबाखाली खड्डा घेतला. अकरा नग एकेक करून सोडवताना फ्रीजरच्या तळाला चिकटलेले दोन खिमे उलथन्यानं काढावे लागले. माती लोटेपर्यंत गल्लीतली चार कुत्री कुंपणाशी येऊन बसली. आई पायरीवर उभी होती. "त्यांना दे की थोडं," ती म्हणाली. "त्यांना काय एकादशी हाय का?"

नऊ वाजता मी स्टीलचा डबा घेऊन चाचांच्या दुकानापुढं रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढं तिसऱ्या नंबरला ओळखीची पाठ दिसली. साडूभाऊ. त्यांच्याही हातात डबा.

"तुमचंबी?" मी विचारलं.

"मी नाणंच ठेवलो नव्हतो," ते म्हणाले. "पण डीपी तर एकच. तुमचा खड्डा गच्चीवरून दिसला, मग मीबी टाकून दिलो."

चाचांनी सुरीला धार लावता लावता आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"किती, सर? का आख्खंच कापू?"

"अर्धा किलो," मी म्हणालो. "नळी घाला त्यात. आईला लागती."