पाठीवर क्रमांक नसलेला गृहस्थ

बॉलरूम नृत्याच्या स्पर्धेत सर्वांत जास्त कोण दमतो, असे कुणी विचारले, तर मी क्षणाचाही विलंब न लावता प्रेक्षकाचे नाव घेईन. नाचणाऱ्यांचे काम एका वेळी दीड मिनिटाचे असते, त्यांच्या दिमतीला अख्खा वाद्यवृंद असतो आणि फ्लोअरच्या कडेला पाण्याची बाटली घेऊन कुणीतरी ताटकळत उभे असते. परीक्षक झाले तरी त्यांना काय करायचे ते ठाऊक असते. प्रेक्षक बिचारा पदरचे पैसे खर्चून दिवसाउजेडी आत शिरतो, मध्यरात्रीच्या सुमारास बाहेर पडतो, आणि मधल्या काळात आपण नेमके काय पाहिले याचा जबाब त्याला घरच्या माणसांना द्यावा लागतो.

नोकरीच्या निमित्ताने मँचेस्टरला येऊन राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबाचा या प्रकाराशी संबंध येण्याचे तसे काही कारण नव्हते. मुले शिकायला बाहेरगावी गेली, घर सुनेसुने झाले, आणि आमच्या सौभाग्यवतींनी बीबीसीवरचा शनिवार संध्याकाळचा नृत्याचा कार्यक्रम पाहता पाहता जवळच्या चर्चच्या सभागृहात भरणाऱ्या वर्गात नाव घातले. गुडघ्याची सबब पुढे करून मी वर्गातून सुटका करून घेतली. परंतु ज्यांना नाचता येत नाही त्यांनी निदान नाच पाहावा, असा ठराव वर्गातल्या समस्त भगिनींनी एकमताने मंजूर केला आणि मे महिन्यातल्या एका वाऱ्याच्या सकाळी आमची वरात स्पर्धा पाहायला ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावाच्या गाडीत बसली. मला सूट घालावा लागला होता. संध्याकाळच्या सत्राला प्रेक्षकांनीही नटूनथटून यायचे असते, असे मला सांगण्यात आले.

वास्तविक वॉल्ट्झ हा जोडीने नाचायचा प्रकार मला अगदीच अनोळखी नव्हता. गोव्यातल्या मित्रांच्या लग्नांत मी तो आनंदाने पाहिलेला आहे. पण तिथे पाहणाऱ्याच्या हातात भरलेली बशी असते, बँडवाले मधूनच एखादे कोंकणी गाणे घेतात, आणि नवऱ्या मुलाच्या मामाचे पाऊल चुकले की मंडप हसतो. ब्लॅकपूलला कुणी हसत नाही. हसू असते ते फक्त स्पर्धकांच्या चेहऱ्यावर. तेही फ्लोअरवर पाऊल टाकताना चढवलेले आणि पाऊल बाहेर पडताक्षणी उतरवून ठेवलेले. बाल्कनीत आमची जागा जिन्याच्या बरोबर वर असल्यामुळे हे चढवणे-उतरवणे मला फार जवळून पाहता आले, आणि माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत अचूक तालातला प्रकार तोच होता.

जागा मात्र खरोखरच भव्य आहे. विंटर गार्डन्स ही इमारत १८७८ सालची आणि तिच्यातला एम्प्रेस बॉलरूम १८९६ सालचा. वर कमानदार छत, त्याला लटकणारी झुंबरे, सभोवती बाल्कनी आणि खाली लाकडी फ्लोअरचे विस्तीर्ण मैदान. याच दालनात १९२० साली ईस्टरच्या आठवड्यात ब्लॅकपूल नृत्यमहोत्सव सुरू झाला. गंमत अशी की पहिल्या वर्षी स्पर्धा नाचणाऱ्यांची नव्हतीच, नाचांची होती. वॉल्ट्झ, टू-स्टेप आणि फॉक्सट्रॉट या तीन लयींत नवे नाच कोण बसवतो, ते पाहण्याचा तो घाट होता. त्या वर्षीच्या प्रेक्षकांचा मला हेवा वाटतो. पुढे कुणाच्या तरी डोक्यात नाचांऐवजी माणसांचा निकाल लावण्याची कल्पना आली, देशोदेशीच्या जोड्या येऊ लागल्या आणि आमच्यासारख्यांच्या पाठीला कायमचा बाक आला.

आता या पाहण्याचे स्वरूप सांगतो. प्राथमिक फेऱ्यांत जोड्या इतक्या असतात की त्यांचे गट पाडून त्यांना हप्त्याहप्त्याने फ्लोअरवर सोडावे लागते. समजा एका गटात बारा जोड्या आहेत. संगीत साधारण दीड मिनिट वाजते. नव्वद भागिले बारा, म्हणजे प्रत्येक जोडीच्या वाट्याला साडेसात सेकंद येतात. साडेसात हा आकडा आपल्या माणसाला कधीच लाभलेला नाही, आणि इथेही तो लाभत नाही. कारण पहिल्या जोडीवर नजर स्थिर होईपर्यंत तिच्यापुढून दुसरी जाते, दुसरीचा पाठलाग करावा तर ती खांबाआड होते, आणि तिसरी नुकतीच आवडू लागलेली असते तोच वाद्यवृंद थांबतो. परीक्षक मात्र तेवढ्या वेळात पुढच्या फेरीत पाहिजे असलेल्या जोड्यांच्या नावापुढे फुल्या मारून मोकळे झालेले असतात. फुली ही चांगली खूण असते, हे पचवायलाच माझी पहिली फेरी खर्ची पडली, कारण आमच्या शाळेत फुलीचा अर्थ निराळा होता.

बरे, पाहायचे तरी काय, याविषयीही एकवाक्यता नाही. सौभाग्यवती म्हणत होत्या, "अहो, तिच्या मानेकडे बघा, मानेकडे." शेजारी एक लँकाशरच्या आजीबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाय बघ, लव्ह. टाच आधी की चवडा आधी, तेवढं बघ, बाकी सगळी पिसं आहेत." गाऊनच्या घेराला खरोखरीच पिसे लावलेली होती आणि त्यांतले एक तरंगत तरंगत वर येऊन माझ्या चहात पडले, त्यामुळे आजीबाईंचे म्हणणे मला पटले. तरीही माझी नजर जायची ती तिसरीकडेच. या नाचात पुरुष आणि स्त्री छातीपासून मांडीपर्यंत एकमेकांना चिकटून असतात. परंतु तिची मान डावीकडे मागे कललेली आणि त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे. संपूर्ण नाचात ती दोघे एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. एवढ्या जवळ राहून एकमेकांकडे न पाहणे आम्हीही संसारात साधले आहे, पण आमच्या नावापुढे कुणी फुली मारलेली नाही. त्यातून सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे आपल्या देवळातल्या प्रदक्षिणेच्या बरोब्बर विरुद्ध फिरतात. तासाभराने माझे डोके गरगरू लागले आणि सगळी मंडळी एकदा तरी सुलट फिरावीत, अशी तीव्र इच्छा झाली.

शेवटी मी माझ्यापुरता मार्ग काढला. एका बाईंचा गाऊन कैरीच्या पोपटी रंगाचा होता. तो अख्ख्या सभागृहात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्या जोडीला मी आपले मानले. इतर जोड्यांचे काय व्हायचे ते होवो, आपण पोपटी सोडायचा नाही, असे ठरवल्यावर जिवाला स्वस्थता आली. ही स्वस्थता दोन फेऱ्या टिकली. तिसऱ्या फेरीत पोपटी गाऊन अदृश्य झाला आणि मी मनातल्या मनात त्यांना श्रद्धांजली वाहिली. तेवढ्यात सौभाग्यवतींनी दाखवून दिले, की त्या बाई गुलाबी गाऊन नेसून माझ्या डोळ्यांसमोरूनच गेल्या होत्या. ओळख पटवण्याचे खात्रीचे साधन एकच, पुरुषाच्या पाठीवर टाचण्यांनी लावलेला क्रमांक. आणि पुरुष सतत गिरक्या घेत असल्यामुळे तो अर्धाच वाचता येतो. माझ्या जोडीचा क्रमांक पूर्ण वाचायला मला संपूर्ण टँगो खर्च करावा लागला.

मधल्या वेळेत पाय मोकळे करायला बाहेर आलो तर व्हरांड्यात निराळाच कारखाना चालला होता. एक तरुण भिंतीला टेकून तारांच्या ब्रशाने आपल्या बुटांचे स्वेडचे, म्हणजे लवदार चामड्याचे, तळवे खसाखसा घासत होता, म्हणजे फ्लोअरवर पाय घसरू नयेत. एका मुलीच्या केसांवर तिची आई इतका फवारा मारत होती, की शेजारून जाणाऱ्या माझे चार केसही जागच्या जागी बसले. पलीकडे दुसऱ्या दिवशीच्या लॅटिन विभागातली दोघे जण अंगाला तपकिरी रंग लावून, तो वाळेपर्यंत हात पसरून उभी होती. जो रंग मला जन्मतः फुकट मिळाला आणि ज्याच्यापायी लग्नाच्या वेळी स्थळांनी नाके मुरडली, तो ही मंडळी बाटलीतून विकत घेऊन फासत होती. आमच्या गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंनी खोलीत पाटी लावली होती, की नर्तकांनी कृपया पांढऱ्या चादरींवर रंग उतरवू नये. माझ्याकडे पाहून त्या क्षणभर घुटमळल्या, पण काही बोलल्या नाहीत.

परत येऊन बसलो तेव्हा फ्लोअर सर्वसामान्यांना खुला झाला होता. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले, मी गुडघ्याकडे पाहिले, आणि आजीबाई उठून त्यांना खाली घेऊन गेल्या. बाल्कनीतून पाहताना दोघींचा वॉल्ट्झ मला चांगलाच वाटला. निदान त्या एकमेकींकडे पाहून बोलत तरी होत्या. माझ्याकडे दोन पर्सा, एक उशी, एक थर्मास आणि चोरून आणलेला चिवडा यांची राखण होती.

उपांत्य फेरीपासून सभागृहाचा नूर पालटला. इतका वेळ कुलीनपणे बसलेली माणसे आपापल्या जोडीचे क्रमांक ओरडू लागली. या गोष्टीने मला पहिल्यांदा माणसांत आल्यासारखे वाटले. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी "अरे आव्वाज कुणाचा" म्हणून घसा फोडलेला मी माणूस आहे. हे काम मला कुणी शिकवायला नको होते. माझ्या जोडीचा क्रमांक मी खर्जात घेऊन वर चढवत नेला. दुर्दैवाने त्याच क्षणी स्लो फॉक्सट्रॉटमधली अतिशय हळुवार जागा आली आणि भोवतालचा गलका एकाएकी थांबला. पलीकडच्या बाल्कनीतल्या दोन दुर्बिणी माझ्याकडे वळल्या. "अहो, बसा खाली," असे म्हणताना सौभाग्यवतींनी मला जो चिमटा काढला, तो मात्र अचूक तालावर होता.

बारांतून सहा जोड्या अंतिम फेरीत आल्या आणि त्यांत माझीही होती. मी आजीबाईंना विचारले, की आता गुण कधी दाखवणार? टीव्हीवर परीक्षक दहापैकी आकड्यांच्या पाट्या उंचावतात, तसे काही असेल अशी माझी समजूत होती. आजीबाईंनी माझ्याकडे फार करुणेने पाहिले. इथे गुण नसतात. अंतिम फेरीत प्रत्येक परीक्षक जोड्यांना पहिला ते सहावा असे क्रमांक देतो आणि मग अकरा नियमांच्या एका पद्धतीने निकाल लागतो, तिला स्केटिंग पद्धत म्हणतात. कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने रकाने आखून आजीबाईंनी मला ती समजावली. समजा परीक्षक नऊ आहेत. एका जोडीला चौघांनी पहिला क्रमांक दिला आणि पाच जणांनी पाचवा. दुसऱ्या जोडीला पहिला क्रमांक एकानेही दिला नाही, पण सहा जणांनी दुसरा आणि तिघांनी तिसरा दिला. पहिल्या क्रमांकांचे बहुमत, म्हणजे पाच मते, कुणाकडेच नसतील, तर पहिला आणि दुसरा मिळून बहुमत कुणाचे ते पाहायचे. ते दुसऱ्या जोडीचे. त्या नाचात तीच पहिली.

"ज्यांना एकाही माणसाने पहिलं म्हटलं नाही, ते पहिले?" मी विचारले.

"कळायला थोडा वेळ लागतो, लव्ह," त्या म्हणाल्या.

मला अजिबात वेळ लागला नाही. कुणाचीही पहिली पसंती नसलेला गृहस्थ सर्वांची दुसरी पसंती म्हणून मुख्य खुर्चीवर जाऊन बसतो, हे महाराष्ट्राच्या मतदाराला पेन्सिलीने आखून दाखवावे लागत नाही. मजूर आणि हुजूर या दोन्ही पक्षांची अधिवेशने याच फ्लोअरवर भरलेली आहेत, असे आजीबाईंकडून कळल्यावर तर इथल्या हवेतच काहीतरी असावे अशी माझी खात्री पटली. त्यांच्या मनात वेगळाच सल होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या क्रीडाप्रकाराच्या महासंघाला १९९७ सालीच मान्यता दिली. टेलकोट आणि गाऊन आज ना उद्या ऑलिंपिकला जाणार, म्हणून त्या वाट पाहत राहिल्या, आणि २०२४ साली पॅरिसला त्याच महासंघाच्या झेंड्याखाली कोण गेले, तर ब्रेकिंगवाले, म्हणजे ब्रेकडान्स करणारे. "डोक्यावर उभे राहून!" असे म्हणून त्यांनी मूठभर चिवडा तोंडात टाकला आणि तो त्यांना चांगलाच झोंबला.

रात्री उशिरा निकाल जाहीर झाला, तोही खालून वर. सहाव्या क्रमांकाला माझ्या जोडीचे नाव पुकारले गेले आणि पुढच्या पाच नावांत मला काडीचाही रस उरला नाही. परीक्षकांना मान पाहता येते, टाच पाहता येते, पण माणूस पाहता येत नाही, असे एक जळजळीत भाष्य मी मराठीतून केले. आजीबाईंच्या नातवाने फोनवर निकालाचा तक्ता उघडला. सहा, सहा, पाच, सहा अशी ती रांग वाचत असताना वॉल्ट्झच्या रकान्यात एका परीक्षकाने माझ्या जोडीला दिलेला ठसठशीत एक माझ्या नजरेस पडला. मी सूटची बटणे लावली, केसांवरून हात फिरवला आणि या जाणकार गृहस्थांचे हस्तांदोलन करून आभार मानावेत म्हणून जिन्याकडे निघालो.

आजीबाईंनी चष्मा वर करून तो तक्ता नीट पाहिला आणि माझी बाही धरली. "राहू दे, लव्ह," त्या म्हणाल्या. "त्याची ओळ चुकली असेल."