कचऱ्याचा डबा आणि उसाचा फड

परवा भावाने जुन्नरहून फोटो पाठवला, पोट जमिनीला टेकलेलं एक अवाढव्य अस्वल, आणि खाली लिहिलं, "तुमच्याकडे एवढी धुडं सांभाळतात, आमच्याकडे बिबट्या दिसला की घाला गोळी!"

आता ते अस्वल अलास्कातल्या कटमाईचं, ७४७ नंबरचा नर, २०२० आणि २०२२ ला फॅट बेअर वीक, म्हणजे सगळ्यात गुबगुबीत अस्वल निवडायची ऑनलाइन स्पर्धा, जिंकलेला, अंदाजे ६३५ किलो, आणि सगळं सॅमन माशांच्या जिवावर. मी राहतो अमेरिकेतल्याच मॉन्टाना राज्यात. इथल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या ग्रिझली अस्वलांना कुठला आलाय एवढा सॅमन, ती बिचारी उन्हाळ्यात उंच डोंगरावर दगड उलथून पतंग खातात, एकेक अस्वल दिवसाला चाळीस हजारपर्यंत! मोठा नर ३०० किलोचा झाला तरी डोक्यावरून पाणी.

पण वाढलीत हे खरं. १९७५ साली कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा या भागात दीडशेसुद्धा नव्हती, आता हजाराच्या आसपास. म्हणून सगळे गुण्यागोविंदाने राहतात असं भावाला वाटतं, तर तसं काही नाही. २००७ ला संरक्षण काढलं, कोर्टाने परत दिलं, २०१७ ला पुन्हा काढलं, २०१८ ला पुन्हा कोर्टाने दिलं. ज्याचं वासरू जातं तो गुरं पाळणारा रँचवाला म्हणतो शिकार सुरू करा, शहरातला म्हणतो हात लावू नका. ऐकल्यासारखं वाटतंय ना?

आणि इथे मोकळी जमीन किती! आमच्या जुन्नरकडे बिबट्याची पिल्लं उसातच जन्मतात, त्यांचं जंगल म्हणजे आपलाच फड, त्यामुळे अमेरिकेचे दाखले देऊन शेतकऱ्याला अक्कल शिकवणाऱ्यांचा मला रागच येतो. इथून उचलायचंच तर कचऱ्याचा डबा उचला. खरंच. त्याची कडी एका खोबणीत आत असते, आपली बोटं जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. पूर्वी पार्कमधली अस्वलं उकिरड्यावरच पोसलेली होती, ते उकिरडे बंद केले, डबे बदलले. एकदम कंटाळवाणं काम, त्यावर कोणी फोटो टाकत नाही.

मी भावाला म्हटलं, तुमचा डबा म्हणजे दिवसाची वीज. मोटार चालू करायला माणूस रात्री फडात गेलाच नाही तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

त्याचा रिप्लाय आला, "बरोबर आहे दादा, निघतो आता, रात्री साडेअकराची लाईट आहे."