पाकीट ओतलं की खाडी साफ?

वाशीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवसांत तिसऱ्यांदा तोच मेसेज फिरून आला. सारांश असा: मातीतले जिवाणू नैसर्गिक साबण बनवतात आणि तेल खातात, त्यांचं पाकीट गुळाच्या पाण्यात भिजवून खाडीत ओता, २४ तासांत तवंग गायब, नैसर्गिक असल्यामुळे अपाय शून्य, भारतीय शास्त्रज्ञाने १९८० सालीच हे सिद्ध केलं होतं, कंपन्यांनी दाबलं. येत्या रविवारी ओतायला जायचंही ठरलंय. मी रबाळ्याला एका कारखान्याचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, चालवतो. जिवाणूंना जगवणं हीच माझी नोकरी, म्हणून लिहितोय.

साबणाची गोष्ट खरी आहे. मातीतला बॅसिलस सबटिलिस सरफॅक्टिन बनवतो, स्यूडोमोनास ऱ्हॅम्नोलिपिड बनवतो; दोन्ही साबणासारखेच. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे वरच्या थराचा ताण, मीटरला ७२ मिलिन्यूटन असतो, सरफॅक्टिन तो २७ पर्यंत उतरवतं. तेलाचे बारीक थेंब होतात आणि जिवाणूंना तोंड लावायला जागा मिळते.

पण थेंब होणं म्हणजे खाल्लं जाणं नव्हे. खरकट्या कढईचं तेल साबणाने सुटतं ते मोरीत जातं, नाहीसं होत नाही. खायला या जिवाणूंना हवा लागते, शिवाय नायट्रोजन आणि फॉस्फरस. आमच्याकडे एका रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला होता. सकाळी टाकीतला गाळ काळा पडलेला आणि सडक्या अंड्यांचा वास. ऐरोलीला ओहोटीच्या वेळी चिखलात काठी खुपसून बघा, चार बोटं खाली तोच रंग, तोच वास. तिथे हवाच नाही, म्हणून तर तिवरांनी श्वास घ्यायला मुळं वर काढलीत. पाकिटातला जिवाणू त्या चिखलात कुठून श्वास घेणार? आणि गूळ? आयता गूळ समोर असताना तेल कोण खाईल! तो आधी गूळ संपवेल आणि पाण्यात होता तो प्राणवायूही.

शिवाय गोड्या मातीतल्या जिवाणूला खारं पाणी सहसा मानवत नाही. तेल खाणारे खारे जिवाणू खाडीत आधीपासूनच आहेत. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटलं तेव्हा किनाऱ्यांवर खत टाकलं गेलं, ते तिथल्याच जिवाणूंना बळ यावं म्हणून. त्याने फरक पडला, तरी दगडगोट्यांखाली गाडलं गेलेलं तेल काही दशकांनीही सापडत होतं.

मग २४ तासांत तवंग जातो तो कसा? दिवाळे कोळीवाड्यात कुणालाही विचारा. भरती-ओहोटी साधारण सहा-सहा तासांनी फिरते, त्यात उधाण असेल तर सकाळचा तवंग संध्याकाळी जागेवर नसतोच. हलकं तेल उन्हाने उडूनही जातं. पाकीट ओता नाहीतर नारळ सोडा.

‘नैसर्गिक म्हणून अपाय नाही’ याला एकच उत्तर. ऱ्हॅम्नोलिपिड बनवणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा भाजलेल्या रुग्णांच्या जखमांमध्ये पू करणारा म्हणून रुग्णालयांना चांगला ओळखीचा आहे.

राहिले मेसेजमधले ते भारतीय शास्त्रज्ञ, म्हणजे आनंद मोहन चक्रवर्ती. त्यांनी तेल पचवणारा स्यूडोमोनास प्रयोगशाळेत तयार केला, हे खरं. १९८० सालचा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र त्याचं पेटंट मिळू शकतं का, एवढ्यापुरता होता. खाडी किंवा समुद्र साफ झाल्याचा तो पुरावा नव्हे. तो जिवाणू उघड्या गळतीवर कधी वापरलाच गेला नाही. आणि दाबलं म्हणता, तर ते पेटंट मिळावं म्हणून ज्या कंपनीत त्यांनी तो बनवला ती जनरल इलेक्ट्रिकच धडपडत होती.

हे तंत्र थोतांड नाही. टेरी या संशोधन संस्थेच्या ऑइलझॅपर नावाच्या जिवाणू-मिश्रणाने रिफायनरींचा तेलकट गाळ साफ केलाय. पण तिथे गाळ एका जागी असतो, माती उलटीपालटी करून हवा देता येते, ओल राखता येते आणि वाट बघायची ती महिन्यांची. गॅरेजबाहेरची तेलाने काळी पडलेली माती असेल तर मीही फावडं घेऊन येईन. रविवारचा बेत मात्र ओहोटीच्या वेळेला आहे. ओतलेलं घटकाभरात घारापुरीच्या वाटेला लागेल.