‘आधी उभ्यानंच शिकवा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मुलाचं मनगट मोडल्याचं वाचून फार वाईट वाटलं. दोन ओळींत उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं : स्केटबोर्डिंगवरच्या माझ्या लेखातला ‘किकफ्लिप पहिल्यापासून चालत्या बोर्डवर करा’ हा सल्ला वाचून मुलगा पडला; किकफ्लिप, म्हणजे उडी मारून बोर्ड हवेत त्याच्या लांबीभोवती एक फेरी फिरवणं आणि परत त्यावर उतरणं, आधी थांबलेल्या बोर्डवर, उभ्यानंच शिकवायला हवं. शिवाय रीलमधली पोरं पंधरा दिवसांत किकफ्लिप मारतात, मग ऑलीवर, म्हणजे बोर्डसकट नुसतं वर उडण्यावर, दोन महिने कशाला? आणि साताऱ्यात स्केटपार्क नाही, तर शिकून जायचं कुठं?

एक चूक माझी आहे आणि ती मोठी आहे. पडायचं कसं, यावर त्या लेखात मी एक ओळही लिहिली नाही. तोल गेला की आपण हात ताठ करून जमिनीवर टेकवतो आणि सगळं वजन मनगटावर येतं. मूठ मिटून, कोपर वाकवून खांद्यावरून लोळायचं असतं. बोर्डाशिवाय, गवतावर, आठवडाभर हेच करायला हवं. हे आणि हेल्मेट, रिस्ट गार्डबद्दलचं, दोन्ही काल लेखात घातलं.

पण उभ्यानं शिकण्याचं मला पटत नाही, कारण मी तसाच शिकलो. साताऱ्यातल्या गोडोलीत घराच्या गच्चीवर पायपुसण्यात चाकं रुतवून सात महिने किकफ्लिप मारली. दहातल्या सहा जमायच्या. मग मैदानात बोर्ड हळू ढकलून तीच मारायला गेलो, तर सबंध सकाळ एकदाही दोन्ही पाय बोर्डवर आले नाहीत. मोबाइलवरचा व्हिडिओ हळू करून पाहिला तेव्हा दिसलं : टेल, म्हणजे बोर्डाचं मागचं वर वळलेलं टोक, आपटायच्या क्षणी माझा डावा खांदा समोर उघडत होता आणि मागचा पाय बोर्ड सोडून आधीच जमिनीकडे निघाला होता. पायपुसण्यानं चाकं धरून ठेवल्यामुळं गच्चीवर ही खोड झाकली जायची. ती मोडायला पुढं पाच महिने गेले. बोर्ड चालता असला की तो आणि आपण एकाच वेगानं पुढं जातो, त्यामुळं सरळ वर उडायची सवय लागते. वेग मात्र माणूस चालतो तेवढाच हवा.

तुम्ही लिहिलंय की तो सोसायटीच्या डांबरी रस्त्यावर पडला. मला शंका तिथंच येते. बोर्ड हवेत फिरवायच्या अशा फ्लिप ट्रिकसाठी चाकं लहान आणि कडक असतात, व्यास 52-54 मिमी आणि कडकपणा 99ए च्या आसपास. मटाराएवढा खडा आडवा आला तरी असं चाक जागीच थांबतं आणि अंग पुढं जातं. आपलं गाव उताराचं, पाऊस झाला की वरची सगळी खडी खाली वाहून येते. मी सकाळी बोर्डाबरोबर खराटा नेतो. वीस पावलांची पट्टी झाडतो आणि तळवा फिरवून बघतो, मगच बोर्ड खाली ठेवतो.

ऑलीचं म्हणाल तर किकफ्लिप ही ऑलीच आहे, फक्त पुढचा पाय बोर्डाच्या टाचेकडच्या कडेवरून तिरका बाहेर झटकायचा. बहुतेक पोरं टेल दाबून त्यावर उभीच राहतात, मग ती जमिनीवरून सुटणार कशी? घोटा झटकून टेल ‘टक्’ वाजली की मागचा पाय लगेच वर यायला हवा. मुलाचा पुढच्या पायाचा बूट बघा. करंगळीच्या बाजूला घासून पातळ झाला असेल तर तो पाय बोर्डावर ओढतोय, म्हणजे शिकतोय. ती बाजू कोरीच असेल तर तो नुसता पाय उचलतोय आणि किकफ्लिपची घाई नको. (भोक पडलं तर बूट टाकू नका, चांभाराकडून आतून चामड्याचा तुकडा लावून घ्या.)

स्केटपार्क हवाच, मलाही हवा आहे. पण सपाटावरच्या ट्रिकना त्याची वाट बघावी लागत नाही. अ‍ॅलन गेलफंड या अमेरिकी स्केटबोर्डरनं 1970 च्या दशकाच्या अखेरीस ऑली शोधली ती फ्लोरिडातल्या स्केटपार्कच्या वाकड्या भिंतींवर. ती सपाट जमिनीवर आणली रॉडनी मलन या दुसऱ्या अमेरिकी स्केटबोर्डरनं, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला. किकफ्लिपही त्याचीच. त्याचा सराव चालायचा घरच्या शेतावरच्या गॅरेजमध्ये.

प्लास्टर निघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला बोर्डवर चढू देऊ नका. त्यानंतर आधी गवतावर लोळणं, मग झाडलेल्या पट्टीवर नुसतं ढकलणं आणि थांबणं, मग ऑली. पहिल्या ऑलीचा व्हिडिओ बाजूनं, खांदे दिसतील असा काढून मला पाठवा. मी बघून कळवतो.