इंजिन लाइन बंद होताना कसं वागावं

परवा आमच्या कंपनीने, आता विजेच्या गाड्या येणार म्हणून इंजिन लाइन बंद होणार, ही बातमी प्रत्येकाच्या हातात एकेक रोपटं ठेवून सांगितली. सोबत नवकौशल्य प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. प्रशिक्षण म्हणजे मोबाइलवर बघायचे व्हिडिओ. आज ना उद्या तुमचाही नंबर लागणारच, म्हणून चार युक्तीच्या गोष्टी सांगून ठेवतो.

रोपटं दोन्ही हातांनी घ्या. फोटो निघतो.

रोबोचा हेवा करू नका. तो युनियनची पावती फाडत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

नोकऱ्या जाणार का, असं विचारू नका. पिस्टन, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, सगळंच गेलं तर ते बसवणारे कशाला हवेत? विजेच्या गाडीला 40 टक्के कमी मनुष्यबळ लागतं, हे फोर्ड कंपनीचे प्रमुख जिम फार्ली 2022 मध्येच बोलून गेलेत. त्यावर साहेब म्हणतील, बॅटरीत जागा आहेत की! मान डोलवा. लॉर्ड्सटाउनचं नाव मात्र काढू नका. अमेरिकेत ओहायोतल्या त्या गावातला गाड्यांचा कारखाना जनरल मोटर्सने 2019 मध्ये बंद केला आणि तिथेच भागीदारीत बॅटरीचा उभारला. भागीदारी म्हटल्यावर युनियनचा जुना पगार-करार लागू नाही. सुरुवातीचा पगार तासाला साडेसोळा डॉलर! गाव तेच, मालक अर्धा तोच, फक्त पगाराला नवी हवा लागली. कामगारांनी 2022 च्या डिसेंबरात मतदान करून युनियन आणली, 2023 मध्ये मोठा संप झाला, तेव्हा कुठे कंपनी बॅटरीवाल्यांना मुख्य करारात घ्यायला तयार झाली. पर्यावरण वाचवायला पगार कापावा लागतो, हे कुठल्या विज्ञानात लिहिलंय?

अति यांत्रिकीकरण ही चूक होती, असं 2018 मध्ये खुद्द टेस्लाच्या मस्कने कबूल केलं होतं. हेही मीटिंगमध्ये बोलू नका.

जाऊ द्या, नाही जमत हा शहाणपणा. अहो साहेब, पेंट शॉपमध्ये रोबो आला तेव्हा आम्ही कुरकुर केली का? थिनरचा वास आमच्याच छातीत जात होता. धूर कमी व्हायला आमची ना नाही. पण मशीनची ऑर्डर जाण्याआधी एकदा तरी बोलवायचं होतंत. मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे फिटर घरी पाठवताय आणि रोबोच्या देखभालीला बाहेरची एजन्सी आणताय. आमच्या फिटरना शिकवायला काय झालं होतं?

आणि युनियनवाल्यांनो, तुम्ही भरपाईच्या आकड्यावरच अडून बसलात. नव्या शॉपमध्ये कोण जाणार, कुठल्या करारावर, हे विचारणारं एक साधं पत्र तरी दिलंत का?