‘एनबीएत गेलाच नाही’ : बोदिरोगावरच्या आक्षेपाला उत्तर

प्रिय रीबाउंडप्रेमी,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक होती आणि अभ्यास करून लिहिलेली होती, म्हणून तिथेच दोन ओळींत आटोपण्याऐवजी सविस्तर उत्तर देतोय. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आधीच्या लेखात सर्बियन बास्केटबॉलपटू देयान बोदिरोगाला मी ‘युरोपात घडलेला सर्वांत परिपूर्ण खेळाडू’ म्हटलं, ते तुम्हाला अजिबात पटलेलं नाही. तो एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, एकही मॅच खेळला नाही, ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) थेट ५१वा गेला, धड पळत नव्हता की उडी मारत नव्हता, आणि त्याची पदकं म्हणजे राष्ट्रीय संघातल्या, एनबीए गाजवलेल्या दिवाचसारख्यांची पुण्याई, असं तुम्ही म्हणता. वर शेवटी सर्बियाच्याच निकोला योकिचच्या, आताच्या एनबीए-ताऱ्याच्या नावाने टोला आहेच : ‘योकिचने जाऊन दाखवलं, याला कोणी अडवलं होतं?’

कोणीच नाही. तो स्वतःच गेला नाही. का गेला नाही ते १९९५ मध्ये जाऊन बघा. सॅक्रामेंटो किंग्जने त्याला दुसऱ्या फेरीत निवडलं, आणि दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूला पक्क्या कराराची हमी नसते. इकडे मिलानमध्ये प्रशिक्षक तान्येविचच्या टीमचा तो कणा होता. पुढच्याच मोसमात त्यांनी इटलीची लीग आणि कप दोन्ही मारले, मग रेआल माद्रिद आलं. हे सगळं टाकून बाकावर बसायला जायचं? बाकावर बसणं म्हणजे काय ते दिसतच होतं. युरोप गाजवलेला ड्राझेन पेत्रोविचसारखा माणूस एनबीएच्या पोर्टलंड संघात दीड मोसम बहुतेक वेळ बसून होता, न्यू जर्सीला गेल्यावरच त्याचं चीज झालं. बोदिरोगाचा राष्ट्रीय संघातला सहकारी जोर्जेविच त्याच पोर्टलंडला गेला आणि जेमतेम आठ मॅच खेळून परतला. दुसरा सहकारी दानिलोविच मायामीत उत्तम खेळला, तरी १९९७ मध्ये बोलोन्याला परत आला आणि वर्षभरात युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकला. म्हणजे ज्याला तिथे जमलं, त्यालाही तिथे राहावंसं वाटलं नाही. ‘गेला नाही म्हणजे लायकी नव्हती’ हा हिशेब टीव्हीवर फक्त एनबीए बघून मोठे झालेल्यांचा आहे. (त्यात मीही आलो, केबलवर दुसरं लागायचंच काय?)

आता मुख्य मुद्दा, तो संथ होता हा. होताच. पण संथ माणसाला युरोपात खेळणं सोपं होतं असं तुम्ही गृहीत धरलंत, तिथे आपलं बिनसतं. २००१ पर्यंत एनबीएत झोन डिफेन्सला, म्हणजे माणसाऐवजी मैदानाचा भाग राखण्याला, बंदी होती. प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा, त्यामुळे वेगवान खेळाडूने एकाला चकवलं की पुढे रान मोकळं. युरोपात झोन सर्रास चालायचा, आणि उंच सेंटर बास्केटखाली ठाण मांडून उभा राहिला तरी शिट्टी वाजत नसे. पहिल्याला चकवलं की दुसरा आणि तिसरा वाट बघत उभेच. अशा गर्दीत २०५ सेंटिमीटर उंचीचा, वेग नसलेला माणूस ड्रिबल करत आत शिरायचा आणि बास्केट करून किंवा फाउल काढून बाहेर यायचा.

कसा, ते एकदा स्लो मोशनमध्ये बघा, जरी त्याला स्लो मोशनची फारशी गरज नाही. उजव्या हाताने बॉल अंगापासून लांब, बाहेरच्या बाजूला नेतो, हात पूर्ण ताणून. समोरच्याला वाटतं, हा आता सापडला. तो बॉलकडे झुकतो, त्याचं वजन एका पायावर जातं. नेमक्या त्या क्षणी मनगटाच्या झटक्याने बॉल समोरून डाव्या हातात आणि बोदिरोगाचा खांदा त्याच्या पुढे. स्पेनमध्ये या चालीला चाबूक म्हणायचे. यात वेग फक्त मनगटाला लागतो, पाय जवळजवळ चालतच असतात. दुसऱ्याला आधी हलू द्यायचं आणि मग आपण हलायचं. वेगावर जगणारे तिशीनंतर ढेपाळतात. हा २९व्या वर्षी अथेन्सच्या पानाथिनाइकोसकडून आणि ३०व्या वर्षी बार्सिलोनाकडून लागोपाठ युरोलीग जिंकला, दोन्ही वेळा फायनल फोरचा (शेवटच्या चार संघांच्या फेरीचा) सर्वोत्तम खेळाडू. त्यातली पहिली फायनल तर किंडर बोलोन्याविरुद्ध, तीही बोलोन्यातच. दुसरी बार्सिलोनाच्या घरी. त्या क्लबचं ते पहिलंच युरोलीग विजेतेपद.

पदकांबद्दल. १९९८ मध्ये अथेन्सला युगोस्लाव्हियाने विश्वचषक जिंकला, तेव्हा संघात दिवाच नव्हता. बोदिरोगा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अमेरिकेने लॉकआउटमुळे (मालक आणि खेळाडूंच्या वादात लीग बंद होती) एनबीएचं कोणी पाठवलं नव्हतं, हे खरं. २००२ च्या विश्वचषकात, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये, मात्र दिवाच आणि स्टोयाकोविच दोघेही होते. अमेरिकेचा तो संघ दुय्यम होता म्हणता, पण पॉल पिअर्स, रेजी मिलर, बेन वॉलेस दुय्यम असतील तर मग बोलणंच खुंटलं. ८१-७८ ने त्यांना घरच्या मैदानावर हरवलं, त्यात युगोस्लाव्हियाच्याच गुरोविचच्या थ्री-पॉइंटर्सचा वाटा मोठा, तो बोदिरोगाच्या खात्यात घालणार नाही. फायनल मात्र त्याची. शेवटच्या मिनिटांत अर्जेंटिना आठ गुणांनी पुढे. तिथून त्याने मॅच खेचून आणली. बरोबरी असताना ज्यांच्या पुण्याईवर हा जगला म्हणता त्या दिवाचचे फ्री थ्रो हुकले. मॅच जादा वेळेत गेली आणि युगोस्लाव्हिया ८४-७७ ने जिंकला. बोदिरोगाचे २७ गुण. अर्जेंटिनाचा हुकमी खेळाडू जिनोबिली घोटा दुखावल्याने नावापुरताच खेळला आणि अर्जेंटिनाला शेवटी एक फाउल मिळायला हवा होता, हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही सांगालच.

त्याला ‘सर्बियन’ म्हणू नये, ही सूचना घेतली असती, पण सर्बियाच्या वोयवोदिना प्रांतातल्या क्लेकसारख्या गावात वाढलेल्या सर्ब माणसाला दुसरं काय म्हणणार? जर्सीवर आधी युगोस्लाव्हिया होतं, २००३ पासून सर्बिया आणि माँटेनेग्रो. नुसत्या ‘सर्बिया’ नावाच्या संघाकडून तो कधी खेळला नाही, इतकं तुमचं बरोबर.

खरा कमकुवत दुवा तुम्ही सोडलात. २००५ मध्ये घरच्याच युरोबास्केटमध्ये फ्रान्सकडून हरून हा संघ उपांत्यपूर्व फेरीआधीच बाहेर पडला आणि प्रशिक्षक ओब्रादोविचने पत्रकारांसमोर संघातली भांडणं चव्हाट्यावर मांडली. अनुभवी बोदिरोगा त्या संघात होता. त्याच्या नेतृत्वाबद्दल बोलायचं तर तिथे बोला, मी तेवढ्या जोरात बचाव करू शकणार नाही.

राहता राहिला योकिच. तो मोठा खेळाडू आहे, बोदिरोगापेक्षाही, आणि मूळ लेखात मी याच्या उलट काही लिहिलेलं नाही. पण तोही ४१वाच गेला होता, तोही संथच. फरक एवढाच की तोपर्यंत एनबीएत झोन आला होता, उंच माणसाने पास देत खेळ चालवणं चालू लागलं होतं आणि डेन्व्हरने सगळा खेळ त्याच्याभोवती बांधला. १९९५ च्या सॅक्रामेंटोने ५१व्या क्रमांकाच्या पोरासाठी तसं काही केलं असतं असं तुम्हाला खरंच वाटतं का? वाटत असेल तर लिहा, मी वाचतोय.