प्रयुत यांना कुणी निवडलं? 250 जागांचा हिशेब

थायलंडचे माजी पंतप्रधान जनरल प्रयुत चान-ओ-चा यांच्याबद्दल एक दावा सारखा कानावर येतो. 2014 मध्ये लष्करप्रमुख असताना त्यांनी सरकार उलथवलं हे खरं, पण पुढे त्यांच्या राज्यघटनेला जनतेने कौल दिला, 2019 मध्ये ते निवडून आले आणि 2023 मध्ये हरल्यावर गुमान बाजूला झाले. म्हणजे ते लोकनियुक्तच. यातल्या प्रत्येक विधानात थोडं तथ्य आहे, म्हणूनच दावा पटतो.

‘निवडून आले’ हे आधी घेऊ. 24 मार्च 2019 च्या निवडणुकीत प्रयुत कुठल्याही मतदारसंघातून उभे नव्हते, खासदारकीच्या यादीतही नव्हते. पलांग प्रचारत पक्षाने फक्त पंतप्रधानपदासाठी त्यांचं नाव पुढे केलं होतं. पक्षाला सर्वांत जास्त, सुमारे 84 लाख मतं पडली, हे मान्य. जागा मात्र 116. विरोधातल्या फेउ थाई पक्षाच्या 136.

खरी मेख पुढे आहे. पंतप्रधान निवडायचा होता 500 खासदार आणि 250 सिनेट सदस्यांनी मिळून, आणि हे 250 जण लष्करी राजवटीने नेमलेले. त्यातल्या सहा जागा तर तिन्ही दलांचे प्रमुख, सरसेनापती, पोलीसप्रमुख आणि संरक्षण सचिव यांना पदसिद्ध. बहुमताला 376 मतं हवीत. सिनेट पाठीशी असेल तर प्रयुतना 126 खासदार पुरतात. विरोधकांना 500 मधून 376 जमवावे लागतात. 5 जून 2019 ला प्रयुतना 500 मतं मिळाली, विरोधकांचे उमेदवार थनाथोर्न यांना 244. 250 पैकी 249 सिनेट सदस्य प्रयुत यांच्या बाजूने होते. उरलेले एक सिनेटचे अध्यक्ष, ते तटस्थ राहिले.

यावर लगेच विचारलं जातं, 500 मधून 249 वजा केले तरी 251 खासदार उरतात, मग खालच्या सभागृहातही बहुमत होतंच ना? होतं, एका मताचं. पण ते कसं जुळलं? एका खासदारामागे साधारण 71 हजार मतं असा हिशेब होता. निवडणूक आयोगाने वापरलेल्या सूत्रामुळे त्याहून कमी मतांच्या चिमुकल्या पक्षांनाही एकेक जागा मिळाली आणि त्यातले बहुतेक प्रयुतकडे गेले. डेमोक्रॅट पक्षाचे नेते अभिसित यांनी प्रचारात ‘प्रयुतना पाठिंबा नाही’ असं सांगून मतं मागितली होती. पक्ष प्रयुतकडे वळला, तेव्हा पंतप्रधान निवडीच्या मतदानाच्याच दिवशी अभिसित यांनी खासदारकी सोडली. दुसरा पंतप्रधान होणं जवळपास अशक्य असेल, तर काठावरचे पक्ष सत्तेकडेच सरकणार. सिनेटची 250 मतं मोजणीच्या कितीतरी आधीपासून काम करत होती.

आता सार्वमत. 7 ऑगस्ट 2016 ला घटनेच्या बाजूने 61 टक्के मतं पडली. पण प्रचाराच्या काळात, मसुद्याविषयी ‘खोटा’ किंवा ‘भडकाऊ’ ठरवलेला मजकूर पसरवला तर दहा वर्षांपर्यंत कैद असा कायदा होता, आणि विरोधात पत्रकं वाटणाऱ्यांची धरपकड झाली. सिनेटला पंतप्रधान निवडीत मत देणारी तरतूद मतपत्रिकेवरच्या दुसऱ्या, वेगळ्या प्रश्नातून आली. त्या लांबलचक प्रश्नात ‘सिनेट’ हा शब्दच नव्हता. ‘पहिली पाच वर्षं संसदेची संयुक्त बैठक’ असं लिहिलं होतं. सभागृहाची मुदत चार वर्षं, सिनेटच्या अधिकाराची पाच. म्हणजे एका नव्हे, दोन निवडणुकांना तो पुरणार.

पुरलाही. मे 2023 मध्ये प्रयुत यांच्या नव्या पक्षाला 36 जागा मिळाल्या आणि जुलैत त्यांनी राजकारण सोडलं. तेवढं खरं. पण त्यांच्या राजवटीने नेमलेलं सिनेट जागेवरच होतं. सर्वाधिक, 151 जागा जिंकलेल्या मूव्ह फॉरवर्ड या विरोधी पक्षाचे नेते पिता लिमचारोएनरात यांच्या आघाडीकडे 312 खासदार होते, तरी 13 जुलैला त्यांना 324 मतंच पडली. सिनेटमधून आलेली मतं: 13.